शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून झाल्यावरची कामं

फॉर्म भरला, ‘सबमिटेड’ची प्रिंट काढली, फाईलला लावली आणि घरी फोन केला की स्कॉलरशिपचं काम झालं. पहिल्या वर्षाला आलेल्या बहुतेक मुलामुलींच्या लेखी शिष्यवृत्ती इथे संपते. मग मार्चमध्ये वडील विद्यार्थी विभागाच्या खिडकीशी येतात. पैसे आलेले नसतात आणि अर्ज सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी परत येऊन मुलीच्याच लॉगिनमध्ये पडून असतो. तिने सहा महिन्यांत एकदाही लॉगिन उघडलेलं नसतं.

मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. पात्र नसल्यामुळे शिष्यवृत्ती गेलेली मुलं तिथून फार दिसत नाहीत. पात्र असून, फॉर्म बरोबर भरूनही, पुढे लक्ष न दिल्यामुळे ज्यांची गेली ती मात्र दरवर्षी दिसतात. फॉर्म कसा भरायचा ते सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. हा लेख त्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांचा आहे, आणि मुख्यतः महाडीबीटी या महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजनांबद्दल आहे.

आधी, आपल्याला नेमकं काय मिळणार आहे?

‘मला स्कॉलरशिप आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणती, आणि तिच्यात कशाचे पैसे येतात, हे पहिल्या पंधरा दिवसांत समजून घ्या. वर्षभराचा हिशोब त्यावर ठरतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतलेला असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींसाठी ही सवलत शंभर टक्के झाली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ ही बातमी तिथूनच आली आणि गैरसमजही तिथूनच सुरू झाला. माफी आहे ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला. विकास शुल्क, अनामत, बस, मेस, वसतिगृह यांतलं काहीही त्यात येत नाही. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला आणि खाजगी अभिमत किंवा स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठांना ही योजना लागू नाही. कॉलेजने ‘उरलेली फी भरा’ म्हटलं की लगेच भांडायला जाऊ नका. आधी पावतीवर प्रत्येक रकमेपुढे काय लिहिलंय ते वाचा. शिक्षण शुल्कच मागत असतील तर मात्र शासन निर्णयाची प्रत घेऊन जा, कारण पात्र मुलींकडून ते प्रवेशाच्या वेळी घेणं अपेक्षितच नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. तिच्यात फी तर मिळतेच, शिवाय निर्वाह भत्ताही मिळतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमावलीत पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हा भत्ता वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये आहे. प्रोफाइलमधला वसतिगृहाचा टॅब ‘नंतर भरू’ म्हणून रिकामा सोडणाऱ्यांनी हा फरक बघावा. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती नाही, फ्रीशिप. तिच्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ होतं, भत्ता मिळत नाही.

राहण्या-जेवणासाठीच्या योजना या सगळ्यांहून निराळ्या. शाहू महाराज योजनेतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो मुख्यतः अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरात स्वाधारचे वर्षाला ६०,००० मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. फीच्या योजनेचा अर्ज केला म्हणजे यांचाही झाला असं होत नाही, प्रत्येकीचा अर्ज वेगळा. सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला की स्वाधार-स्वयंवर पाणी सोडावं लागतं, दोन्ही एकदम घेता येत नाही.

अर्ज आता कोणाच्या टेबलावर आहे?

अर्ज सबमिट झाला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो. लिपिक कागद तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून तो पुढे संबंधित विभागाकडे जातो. विभाग तुमच्या योजनेवर ठरतो. अनुसूचित जातीसाठी समाजकल्याण सहायक आयुक्त, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, इंजिनिअरिंग-फार्मसीतल्या शाहू योजनेसाठी तंत्रशिक्षणाचे विभागीय सहसंचालक, बीए-बीकॉम-बीएस्सीसाठी उच्च शिक्षणाचे. हे नाव वहीत लिहून ठेवा. अडचण आली की मुलं चुकीच्या ऑफिसात जातात आणि एस्टीच्या भाड्यासकट एक दिवस घालवतात.

लॉगिनमध्ये अर्जाची सद्यस्थिती दिसते. ‘अंडर स्क्रुटिनी’ म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर आहे. कोणाच्या ते बघा, कारण महिना उलटूनही तो कॉलेजच्याच लॉगिनला असेल तर विभागात चकरा मारून उपयोग नाही, आमच्याच खिडकीवर या. खरं सांगायचं तर एका लिपिकाकडे हजारभर अर्ज असतात आणि प्रवेश, परीक्षा फॉर्म, बोनाफाइड हे सगळं त्याच टेबलावर चालू असतं. नम्रपणे, अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून आणून विचारणाऱ्या मुलाचं काम पटकन होतं. ‘सर माझं बघा ना’ म्हणून नुसतं उभं राहणाऱ्याचं होत नाही, कारण नावावरून शोधायला गेलं की एकाच नावाचे पाच निघतात.

‘सेंट बॅक’ ही सगळ्यात महत्त्वाची पाटी. तिचा अर्थ अर्ज नाकारला असा नाही. काहीतरी चुकलंय, दुरुस्त करून परत पाठवा, एवढंच. शेऱ्यामध्ये कारण लिहिलेलं असतं: उत्पन्नाचा दाखला जुना, कॅपचं अलॉटमेंट पत्र अस्पष्ट, बारावीचे गुण गुणपत्रिकेशी जुळत नाहीत, गॅपचं प्रमाणपत्र नाही. तेवढंच दुरुस्त करा, पण शेरा दोनदा वाचा. ‘उत्पन्नाचा दाखला अपलोड करा’ असं असेल तर बऱ्याचदा दाखला अपलोड झालेला असतो, फक्त चुकीच्या रकान्यात. दुरुस्तीनंतर पुन्हा सबमिट करायला विसरू नका. फाईल बदलून सेव्ह केली आणि निघून आले, अशी मुलं दर वर्षी असतातच. आणि सेंट बॅकलाही मुदत असते. पोर्टल नव्या अर्जांसाठी मुदतवाढ देत राहतं म्हणून निवांत राहू नका, मुदतवाढ ही कुणाला मिळण्याची खात्री नसलेली गोष्ट आहे.

मेसेजवर विसंबू नका. कॅफेवाल्याने नोंदणी करताना स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, हा प्रकार अजूनही सर्रास आहे. पहिलं काम म्हणजे प्रोफाइलमध्ये कोणता मोबाईल आणि कोणता ईमेल आहे ते बघणं. युजरनेम-पासवर्ड कॅफेच्या वहीत नाही, तुमच्या वहीत हवा. मग दर पंधरा दिवसांनी, उदाहरणार्थ १ आणि १६ तारखेला, लॉगिन करून स्थितीचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुमच्याकडे तारखेनिशी पुरावा असतो.

बँक खातं: इथे सगळ्यात जास्त पैसे अडकतात

अर्ज मंजूर, यादीत नाव, तरी पैसे नाहीत, असं असेल तर दहापैकी आठ वेळा मी पहिला प्रश्न सीडिंगचा विचारतो.

आधार खात्याला ‘लिंक’ असणं आणि खातं आधारला ‘सीड’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने केवायसीसाठी तुमचा आधार क्रमांक नोंदवला की खातं लिंक झालं. पण सरकारी पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधार क्रमांक बघून येतात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे असते आणि एका आधारपुढे तिथे एकाच बँकेचं नाव असतं. शेवटी ज्या बँकेत सीडिंगला संमती दिली ती बँक. जुनं नाव आपोआप पुसलं जातं.

आता एक नेहमीचं उदाहरण घ्या. मुलाने अकरावीत गावच्या बँकेत खातं उघडलं, सीडिंग केलं, अर्जात त्याचंच पासबुक लावलं. शहरात आल्यावर रूममेटच्या सांगण्यावरून मोबाईलच्या दुकानात अंगठा लावून पेमेंट बँकेचं खातं उघडलं. त्या अंगठ्याबरोबर सीडिंगची संमतीही गेली. पुढे जानेवारीत शिष्यवृत्ती आली ती थेट पेमेंट बँकेत. मुलगा गावच्या पासबुकात एंट्री मारून बघतोय, तिथे शून्य. हे पैसे निदान सापडतात तरी. सीडिंगच तुटलेलं असेल तर व्यवहार फसतो, रक्कम परत जाते आणि पुढच्या खेपेची वाट बघावी लागते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी बँकांत सीडिंगसाठी झुंबड उडाली होती. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या काही विद्यार्थिनींनीही तेव्हा दुसऱ्या बँकेत सीडिंग करून घेतलं. तुम्ही त्यांतल्या असाल तर आज कोणतं खातं सीड आहे ते तपासाच.

तपासायचं असं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा, ‘बँक सीडिंग स्टेटस’वर जा. बँकेचं नाव, स्थिती ‘ॲक्टिव्ह’ की ‘इनॲक्टिव्ह’ आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. खाते क्रमांक पूर्ण दिसत नाही, बँक आपली आहे ना एवढंच बघायचं. ओटीपी यायला आधारला तुमचा चालू मोबाईल जोडलेला हवा. तो नसेल तर आधी आधार केंद्र, मग बाकी सगळं. बँक चुकीची निघाली तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरा. काउंटरवर ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ‘एनपीसीआयला सीडिंग करा’ म्हणा. नुसतं लिंक म्हटलं की केवायसी अपडेट करून परत पाठवतात. काही बँकांसाठी एनपीसीआयच्या संकेतस्थळावरून ‘भारत आधार सीडिंग एनेबलर’ वापरून घरबसल्याही हे होतं. आठवडाभराने पुन्हा स्टेटस बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बँकेतसुद्धा कोणी आपणहून सांगत नाही. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही (सरकारी अनुदान आणि कल्याण योजनांच्या रकमा जमा होताना ही शिल्लकीची अट धरत नाहीत), वर्षात एक लाखाहून जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाहीत. इंजिनिअरिंगची फी अशा खात्यातून एकदम काढून भरता येत नाही. जनधन मोहिमेत शाळेत असताना उघडलेली काही खाती अशीच आहेत. आधार-पॅन देऊन पूर्ण केवायसी करून घेतली की मर्यादा निघते. अठरा वर्षांआधी उघडलेलं, वडिलांची सही लागणारं अज्ञान (मायनर) खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर तेही बदलून घ्यायचं.

नावाचंही बघून घ्या. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, आधारवर शेवटी, बँकेत मधलं नाव गायब. क्रमातला फरक सहसा चालून जातो. स्पेलिंगचा फरक, किंवा एका ठिकाणी ‘राव’ आणि दुसरीकडे नाही, हा फरक त्रास देतो. दुरुस्त करायचं ते आधार, गुणपत्रिकेला हात लावू नका.

दाखल्यांच्या तारखा

उत्पन्नाच्या दाखल्याच्या तळाशी ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं छापलेलं असतं. एक वर्षाचा असेल तर दर एप्रिलनंतर नवा लागतो, तीन वर्षांचा असेल तर शेवटचा मार्च कोणता ते बघा. मुलं जूनपर्यंत थांबतात आणि जूनमध्ये अख्खा तालुका सेतूबाहेर उभा असतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तेच काम गर्दीशिवाय होतं. लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाची पोचपावती जपून ठेवली असेल तर उशिराबद्दल अपील करता येतं. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ‘पाचशेचा स्टॅम्प आणा’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे हे सांगा.

महाडीबीटीवर दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकला की माहिती आपोआप येते. म्हणून स्कॅन करताना बारकोड कापला जाणार नाही एवढं बघा. ओबीसी, एसईबीसी विद्यार्थ्यांनी नॉन-क्रीमीलेअरची वैधता तपासायची, आणि राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा पाठपुरावा सत्र चालू असतानाच करायचा. पडताळणी समितीकडे प्रकरण पडून असेल तर तुमचा प्रवेशच टांगणीला लागतो, शिष्यवृत्ती तर लांबची गोष्ट.

सगळ्या मूळ कागदांचे स्पष्ट स्कॅन स्वतःच्या मोबाईलमध्ये आणि ईमेलवर ठेवा. कॉलेजला मूळ प्रती कायमच्या देऊ नका. तपासून परत देणं हे कॉलेजचं काम आहे, आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

हजेरी, परीक्षा आणि केटी

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. बारावीच्या गुणांवर मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीला, जिचे पदवीला वर्षाला १२,००० मिळतात, नूतनीकरणासाठी ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के गुण दोन्ही लागतात. ही केंद्राची योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असते, महाडीबीटीवर नाही. तिचा अर्ज आणि पडताळणी वेगळी.

हजेरी महिन्याच्या शेवटी विचारत जा. सत्र संपताना ६८ टक्के निघाली तर तेव्हा काही करता येत नाही. आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र परत आल्याच्या आठवड्यात द्या आणि पोच घ्या. डिसेंबरमध्ये आणलेलं सप्टेंबरचं प्रमाणपत्र आमच्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही, हे स्पष्टच सांगतो.

केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, म्हणून घाबरून अर्ज सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत. एटीकेटीने पुढच्या वर्षात प्रवेश मिळाला असेल तर नूतनीकरणाचा अर्ज करायचाच. वर्ष गेलं, म्हणजे इयर डाऊन झालं, तर त्याच वर्षाची फी साधारणपणे दुसऱ्यांदा मिळत नाही. ती घरून भरावी लागणार हे धरून चाला, आणि त्या वर्षी प्रोफाइलमध्ये खोटं ‘प्रमोटेड’ भरू नका. निकाल कॉलेजकडे असतो, त्यामुळे ते उघडकीला येतंच.

परीक्षेला बसणं मात्र टाळू नका. तयारी नाही म्हणून पेपर सोडले तर हजेरी असूनही शिष्यवृत्तीवर गदा येऊ शकते.

पैसे आल्यावर

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. आधी राज्याचा येतो, मग केंद्राचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी तुमच्या खात्यात जमा होतात. यातली फीची रक्कम तुमची नाही, कॉलेजची आहे, आणि ती सात दिवसांत कॉलेजात भरणं अपेक्षित आहे. इथे घरात अवघड प्रसंग येतो. एकदम तीस-चाळीस हजार खात्यात दिसतात, घरात बी-बियाण्यांची किंवा दवाखान्याची निकड असते, ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून पैसे निघतात. मी कुणाला दोष देत नाही. पण वर्षाच्या शेवटी तीच थकबाकी हॉल तिकिटाच्या वेळी डोक्यावर बसते, आणि तेव्हा सरकार पैसे देऊन मोकळं झालेलं असतं. म्हणून घरच्यांना ऑगस्टमध्येच सांगून ठेवा की अमुक रक्कम आली की ती फीची, आणि भत्ता एवढा आपला. पैसे भरल्यावर पावतीवर ‘शिष्यवृत्तीची रक्कम’ आणि शैक्षणिक वर्ष लिहून घ्या.

इतर योजनांत फी कॉलेजच्या खात्यात जाते की तुमच्या, हे खिडकीवर विचारून घ्या. ज्यांनी प्रवेशावेळी पूर्ण फी भरली आणि नंतर शिष्यवृत्ती कॉलेजला मिळाली, त्यांना परतावा मागावा लागतो, आपणहून कोणी बोलावत नाही. लेखी अर्ज, मूळ पावतीची झेरॉक्स, मंजुरीचा स्क्रीनशॉट.

पैसे उशिरा येणार हे गृहीत धरून सत्राचं बजेट करा. बऱ्याच हप्त्यांची हालचाल आर्थिक वर्ष संपायला येतं तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसते. पहिल्या सत्राची मेस शिष्यवृत्तीच्या भरवशावर लावू नका. शैक्षणिक कर्जावर शिकणाऱ्यांना मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. बँक पुढचा हप्ता सोडताना मागच्या सत्राची गुणपत्रिका आणि कॉलेजचं फी मागणीपत्र मागते, त्यामुळे निकाल लागल्या लागल्या शाखेत जायचं.

मध्येच काही बदललं तर

कॅपच्या पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज मिळालं: जुन्या कॉलेजच्या नावावर भरलेला अर्ज तसाच पुढे जाऊ देऊ नका. रद्द करून नव्या कॉलेजचा भरा, आणि जुन्या कॉलेजला लेखी कळवा. नाहीतर एकाच आधारवर दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही अडकतात.

ड्रॉप-डाउनमध्ये तुमचा अभ्यासक्रमच दिसत नाही: हे तुमच्या हातात नसतं. कॉलेजला आधी अभ्यासक्रम आणि मंजूर फी पोर्टलवर भरून मान्यता घ्यावी लागते. जवळचा दुसरा कोर्स निवडून फॉर्म भरू नका, खिडकीवर सांगा आणि थांबा.

घरातली परिस्थिती बदलली, वडील गेले किंवा नोकरी सुटली: मृत्यूचा दाखला आणि नवा उत्पन्नाचा दाखला घेऊन लगेच या. काहींना त्यामुळे आधी लागू नसलेली योजना लागू होते, आणि कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्य निधीतून वा एखाद्या ट्रस्टकडून काही जमतं का हेही बघता येतं. पण कळवल्याशिवाय आम्हाला कळत नाही. लाजू नका. त्या खिडकीवर यापेक्षा अवघड गोष्टी आम्ही ऐकलेल्या असतात.

दुसऱ्या वर्षी शाखा बदलली, वसतिगृह सोडून रूम घेतली, शिक्षण मध्येच सोडायचं ठरवलं, यातलं काहीही पोर्टलवर आणि कॉलेजात नोंदवा. मध्येच सोडणाऱ्याकडून दिलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते, म्हणून सोडण्याआधी एकदा विचारून घ्या.

अडलं तर कोणाच्या दारी?

क्रम पाळा. आधी कॉलेजचा शिष्यवृत्ती लिपिक, मग नोडल अधिकारी किंवा प्राचार्य, तेही लेखी अर्ज देऊन, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन. त्याच दिवशी पोर्टलवरच्या तक्रार विभागात तक्रार टाका आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. तरी हललं नाही तर वर सांगितलेलं विभागाचं कार्यालय. तिथे जाताना अर्ज क्रमांक, सद्यस्थितीचा स्क्रीनशॉट, सीडिंगचा स्क्रीनशॉट आणि आधीच्या अर्जाची पोच एवढे चार कागद न्या. हे चार असले की पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. नसले की ‘उद्या या’. अगदीच दाद लागली नाही तर माहिती अधिकारात ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. माझ्या अनुभवात अर्ज टाकायची वेळ क्वचित येते, आधीच फोन येतो.

‘पाचशे द्या, लवकर करून देतो’ म्हणणारे एजंट कॅफेत भेटतात. त्यांच्याकडे कुठलंच वेगळं लॉगिन नसतं. ते तुमच्याच लॉगिनमध्ये बघतात, आणि ओटीपी दिलात तर आणखीही बरंच काही बघू शकतात.

नूतनीकरण

दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे सरकत नाही, दर वर्षी नूतनीकरणाचा भरावा लागतो. निकाल हातात आला की प्रोफाइलमध्ये मागच्या वर्षाचे गुण भरा, चालू वर्ष बदला आणि मग ‘रिन्यूअल’ निवडा. ‘फ्रेश’ नाही. फ्रेश निवडलं की तुम्ही पुन्हा पहिल्या वर्षाचे ठरता आणि पडताळणीत अडकता. मागच्या वर्षीचा अर्ज अजून ‘अंडर स्क्रुटिनी’ असेल तर आधी तो मार्गी लावा, कारण जुन्याची मंजुरी झाल्याशिवाय नव्याचं घोडं बऱ्याचदा पुढे जात नाही. शाहू महाराज योजनेत कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. धाकटं भावंड यंदा प्रवेश घेत असेल तर घरात कोणाकोणाचा अर्ज जाणार हे पोर्टल उघडण्याआधी बसून ठरवा.